जेवणानंतर तीनदा

आमच्या डॉक्टरीणबाईंना सिंदीत सगळे विक्षिप्त म्हणत, आणि त्याचा मला आजही संताप येतो. आमच्या चाळीतला एक जण रोज बायकोला बडवायचा. त्याला कोणी विक्षिप्त म्हणालं नाही. तो म्हणे 'जरा तापट'. स्टेशन रोडवरचे डॉक्टर गरीब बायकांना नुसत्या पाण्याची सुई टोचायचे, ते 'हाताला गुण असलेले'. आणि ही बाई शब्दाचा अर्थ विचारायची, म्हणून ही विक्षिप्त!

बरं, थोड्याशा होत्या. खोटं कशाला बोलू? पांढरी साडी आणि खाली पुरुषी बूट. पावसाळ्यात छत्री न घेता खताच्या पोत्याची खोळ करून डोक्यावर घ्यायच्या आणि तशाच मोपेडवरून भर बाजारातून जायच्या. एप्रनच्या एका खिशात स्टेथोस्कोप, दुसऱ्यात भाजलेल्या शेंगा. पेशंट बोलत असताना टरफलं सोलायच्या. लोकांना वाटे, लक्ष नाही. सगळं लक्ष तिथंच असायचं. चिडल्या की बाई मराठीतून वऱ्हाडीत जायच्या आणि फारच चिडल्या की वऱ्हाडीतून लॅटिनमध्ये. लॅटिन सुरू झालं की दवाखान्यातलं मांजरसुद्धा बाकाखाली जाई.

हे लॅटिन आलं कुठून? बाई आधी नर्स होत्या, मग हट्टानं डॉक्टर झाल्या. छप्पन साली वडिलांबरोबर नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा त्या तिथल्याच एका मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकत होत्या. तिथं एक म्हातारी फ्रेंच सिस्टर होती. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून ती बाईंना शब्दांचं मूळ सांगायची. बाईंच्या तोंडून ती सिस्टरही वऱ्हाडीच बोलायची. "ती म्हणे, अनोळखी शब्द आला की त्याले आधी उंबऱ्यावर थांबवाचं. इचाराचं, कुठचा रे तू? कोणाच्या घरचा? इथं कायले आला? मगच आत घ्याचं."

मी या दवाखान्यात औषधं द्यायला लागले तेव्हा माझं नवीनच लग्न झालं होतं. नवरा रेल्वेत बुकिंग क्लार्क. मी फार्मसीचा डिप्लोमा केलेली, नागपूर पाहिलेली, म्हणजे माझ्या मते जग पाहिलेली. गोळ्या मोजतानासुद्धा मी गॉगल डोक्यावर सरकवून ठेवायचे. आता तो फोटो पाहिला की वाटतं, त्या पोरीला कोणीतरी मागून टपली का मारली नाही? तिची वेळ लवकरच आली म्हणा.

पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "एस.ओ.एस. म्हणजे काय?"

मी ऐटीत सांगितलं, "जहाज बुडायला लागलं की पाठवतात ती हाक. म्हणजे अगदी जिवावर बेतलं तरच घ्यायचं औषध."

बाईंनी शेंग सोलली. दाणा तोंडात टाकला. "सिंदीत जहाज कुठून आलं?"

मी डोक्यावरचा गॉगल नीट बसवला.

"सी ओपुस सित. गरज पडली तर. एवढंच. डोकं दुखलं तर घे, नाई दुखलं त नको घेऊ. आता तू त्या म्हाताऱ्याले सांगशीन का जीव चालला तरच गोळी खाजो. अन् थो बिचारा दुखणं सोसत बसन, का अजून जहाज नाई बुडलं!"

आणि मग त्यांचं ते प्रसिद्ध भाषण सुरू झालं. औषधाच्या चिठ्ठीवर वर कोपऱ्यात जे चिन्ह काढतात ना, आर आणि त्याच्या पायाला काट, तो लॅटिन 'रेसिपे'. म्हणजे 'घे'. "पण हे 'घे' कोणाले म्हणते डॉक्टर? पेशंटले नाई! औषध बनवणाऱ्याले म्हणते. घे बाबा इतकं चूर्ण, इतकं पाणी अन् कालव. म्हणजे चिठ्ठीच्या पयल्या शब्दापासूनच पेशंट घराबाहेर. दुखणं तिचं, पोट तिचं, अन् बोलून राह्यले दोघं तिसरेच, तिले न समजणाऱ्या भाषेत! मंगळसूत्र मोडून औषध घेते थे बाई. तिले कळू नोको का काय गिळून राह्यली?"

आता मला हे सगळं पटतं. तेव्हा मनात म्हटलं होतं, ही बाई वेडी आहे आणि पगार वेळेवर देते का ते आधी पाहू.

आमच्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर म्हणूनच लॅटिनचं एक अक्षर नसे. सगळं मराठीत, मोठ्या अक्षरात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी बाईंनी वर्ध्याहून रबरी शिक्के करून आणले होते. उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, मावळता सूर्य, चंद्रकोर. आणि एक ताट, त्यात भाकर आणि वाटी. ताटाच्या आधी गोळी की ताटानंतर, ते बाणानं दाखवायचं. एवढ्यावर थांबतील तर त्या बाई कसल्या? चिठ्ठी हातात देण्याआधी त्या पेशंटकडून सगळं म्हणवून घेत. बरोबर म्हटलं तर "शाबास", नाहीतर पुन्हा. भले भले शेतकरी शाळेतल्या पोरासारखे हात मागे बांधून म्हणायचे, "सकायी जेवाच्या आधी एक, सांजीले जेवल्यावर एक." बाहेर आले की हसायचे. हसा लेको! पण गोळी बरोबर घ्यायचे.

स्टेशन रोडवरच्या डॉक्टरांचं आणि बाईंचं जे वाजलं ते याच पायी. संक्रांतीला ते तिळगूळ घेऊन आले होते. चहा घेता घेता म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार डोकं लावता. आमच्याकडे येणाऱ्या बायकांना काही झालेलं नसतं हो. कंबर दुखते, चक्कर येते, जीव घाबरतो. मी डिस्टिल्ड वॉटरची सुई देतो. प्लासिबो! खूश होऊन जातात."

मी आत बाटल्या पुसत होते. माझा हात थांबला. बाईंनी कप खाली ठेवला.

"प्लासिबो म्हणजे काय, माहीत आहे?"

"खोटं औषध."

"नाई. प्लासिबो म्हणजे 'मी खूश करीन'. मयताच्या प्रार्थनेतला शब्द आहे थो. फ्रान्सात कोणी श्रीमंत मेला का उपरे लोक यायचे. मेलेल्याशी नातं ना गोतं. पण खायले-प्यायले भेटते म्हणून गळा काढून हे 'प्लासिबो' म्हणायचे. खोट्या रडणाऱ्यायले मग लोक तेच म्हणू लागले." बाई उभ्या राहिल्या. "डॉक्टरसाहेब, थे लोक निदान माणूस मेल्यावर जेवायले यायचे. तुम्ही त पेशंट जित्ता असतानाच तेरवीचं जेवून राह्यले!"

डॉक्टरांनी तिळगुळाची पुडीसुद्धा परत उचलली. दुसऱ्या दिवसापासून गावात झालं, "डॉक्टरीणबाईचं डोकं सरकलं." पाण्याच्या सुयांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. सांगा, मी चिडू नको तर काय करू?

पण शब्दांच्या जोरावर बाई कधी कधी अशी काही युक्ती करायच्या की मजा वाटायची. एकदा एक गडी दमणी (बैलांची लहान गाडी) घेऊन आला. बायको बाळंत होऊन आठ-दहा दिवस झालेले. म्हणे, निंदणाले माणसं नाईत, तिले सुट्टी द्या, वावरात न्याची आहे. बाईंनी कॅलेंडर पाहिलं, तोंड गंभीर केलं. "नाई नेता येत. क्वारंटाइन लागलं आहे."

"थे काय असते बाई?"

"फ्रेंच कायदा आहे. करांत म्हणजे चाळीस. परदेशातून जहाज आलं का बंदराबाहेर चाळीस दिवस उभं ठेवतात. कोणी हात नाई लावायचा, काम नाई सांगायचं."

तो घाबरून निघाला. फाटकापर्यंत पोचला आणि मग बाईंचा दाबलेला राग फुटला. खिडकीतून ओरडल्या, "लाकडाच्या जहाजाले चाळीस दिवस, अन् तुह्या बायकोले दहा? लाज वाटत नाई का रे?" तो पळालाच. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना यात हसण्यासारखं काही दिसतच नसे.

आणि कापसाच्या दिवसांत ट्रॉली उलटली तेव्हा? वेचणीच्या बाया होत्या आत. दवाखान्याच्या अंगणात नुसते कण्हणारे जीव. त्यात एक पुढारी मागून जीपमधून आले. त्यांना जीपचं दार लागून कोपराला खरचटलं होतं. म्हणे, "आधी मला पाहा." बाई एका बाईच्या मांडीची जखम दाबून बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्रियाज! म्हणजे कोणाले आधी पाह्याचं ते निवडणं. मुळात लोकर निवडायचा शब्द आहे. मी कापूस निवडून राह्यली. सरकीनं बाजूले बसावं." नंतर वर्षभर आमच्या दवाखान्यापुढची नाली कोणी साफ केली नाही. बाई स्वतः फावडं घ्यायच्या.

तर असा त्यांचा शब्दांवर विश्वास. अर्थ कळला की माणूस वाचतो, अशी त्यांची पक्की समजूत. ती कशी हलली ते सांगते.

मंदा नावाची एक पोर आमच्याकडे बाळंत झाली. पहिलटकरीण. जवळच्याच खेड्यातली, वीस एकर कोरडवाहू असलेल्या घरची सून. मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी सासू न्यायला आली. बाईंनी थांबवायचा प्रयत्न केला, कारण अंग थोडं कोमट होतं. सासू ऐकेना. "पाचवी घरी पुजा लागते, डाक्टरीनबाई." शेवटी बाईंनी गोळ्या दिल्या. चिठ्ठीवर तीन सूर्य, प्रत्येकापुढे ताट, ताटानंतर गोळी. सासूकडून म्हणवून घेतलं. म्हातारी पाठांतराला पक्की. "जेवनानंतर तीनदा. सकाय, दुपार, सांज. जेवल्याबिगर द्याची नाई."

"शाबास," बाई म्हणाल्या.

दोन दिवसांनी मंदाचा नवरा सायकल दामटत आला. अंगाला भट्टीसारखा ताप, काहीबाही बडबडते. बाईंनी मोपेड काढली. मी मागे, मांडीवर औषधांची पेटी, नवीकोरी नायलॉनची साडी, चढावर उतरून ढकलायचं. अशा वेळीही मला साडीच्या काठाची काळजी होती, काय सांगू.

मंदा अंधाऱ्या खोलीत बाजेवर पडली होती. ओठ वाळलेले. उशाशी आमची गोळ्यांची पुडी जशीच्या तशी. एक गोळी कमी नव्हती.

बाईंनी आधी सुई दिली. खरी. मग पुडी उचलून सासूपुढे धरली. "मावशी, हे काय? गोळ्या काऊन नाई देल्या?"

सासू काही गरीब गाय नव्हती. ती बाईंपेक्षा मोठ्यानं ओरडली. "कशी देऊ? तुमीनंच सांगतलं न, जेवल्याबिगर द्याची नाई म्हून! आमच्या घरी बायंतिनीले पाचवीपर्यंत अन्न नाई देत. गुयाचं पानी अन् चा. जेवलीच नाई त गोयी कशी देऊ? पाहा, तुमचाच शिक्का आहे! आधी ताट, मंग गोयी. ताट नाई त गोयी नाई. मी का अडानी आहो?"

तिनं चिठ्ठी बाईंच्या नाकाजवळ धरली. खरंच होतं. तिनं अक्षरन् अक्षर पाळलं होतं.

मी बाईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता लॅटिन येणार. आलं नाही. बाई त्या रबरी ताटाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी तिच्याकडून म्हणवून घेतलं. तिनं बरोबर म्हटलं. अन् मी शाबास म्हटलं." माझ्याशी नव्हे, स्वतःशीच. एवढ्या चिडलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नाही आणि तो राग सगळा स्वतःवर होता.

मंदा जगली, हे आत्ताच सांगून टाकते. म्हातारपणी लोकांचा जीव टांगणीला लावायची मला हौस नाही. ताटाचा शिक्का त्या दिवसानंतर दवाखान्यात कोणी पाहिला नाही. त्यापुढे बाई चिठ्ठी लिहिण्याआधी प्रत्येक बाईला विचारत, "घरी चूल केव्हा पेटते? कोण आधी जेवते? तुह्या वाट्याले केव्हा येते अन् काय येते?" आणि उत्तरं ऐकून रोज नव्यानं पेटत. पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं.

बाई म्हणाल्या, "ही आत्ता जेवली पाहिजे. गोळी पोटात गेली पाहिजे. नाईतर सांजेपर्यंत मी हिची हमी नाई देत."

"पाचवी उद्या आहे. उद्या देतो," सासू म्हणाली.

"उद्या कोणाले देणार?"

सासूनं तोंड फिरवलं. नवरा दारात उभा, जमिनीकडे बघत. त्याचा काही उपयोग नव्हता.

बाई भिंतीला टेकून खाली बसल्या. "बरं. मले भूक लागली आहे. सकाळपासून पोटात काई नाई. मले वाढसान का नाई?"

दारी आलेल्याला नाही म्हणणं त्या घरात बसत नव्हतं. सासू उठली. पण ताट काढलं ते घरातलं पितळी नव्हे. परसात एक जर्मनची (ॲल्युमिनियमची) थाळी उपडी ठेवलेली असे. तिच्या शेजारी दांडी तुटलेला एक कप. बाईंच्या समाजातल्या माणसांसाठी ठेवलेलं ते वेगळं भांडं होतं. जिच्या हातांनी घरात नातू आला, तिच्यासाठी ही थाळी! बाईंनी मात्र थाळी दोन्ही हातांनी घेतली. तुरीचं वरण, ज्वारीची भाकर. एक घास मोडून तोंडात टाकला. मग थाळी उचलली आणि मंदाच्या बाजेवर, तिच्या हाताशी ठेवली.

"हे माझं ताट आहे. माझ्या ताटातलं मी कोणालेही देईन. खा, पोरी."

"डाक्टरीनबाई!" सासू किंचाळली. "तुमच्या ताटातलं? माह्या सुनेले? बाटवता काय?" आणि मग माझ्याकडे वळली. माझं आडनाव तिला ठाऊक होतं. "तू त आपल्यातलीच हायेस न व? सांग न हिले! काऊन मुकी झाली?"

मंदाचा हात भाकरीजवळ जाऊन थांबला होता. ती कधी सासूकडे बघे, कधी माझ्याकडे. आता माझी गंमत पाहा. नागपूर पाहिलेली, गॉगलवाली, जातपात न मानणारी, असं कॉलेजात वादविवादात बक्षीस मिळवलेली मी! तिथं एक वाक्य बोलता येईना, म्हणून मी सरळ स्वयंपाकघरात घुसले. टोपल्यातली भाकर उचलली.

"चपला! चपला काढ, सटवे!" सासू मागून ओरडली.

उंच टाचेच्या चपला घालून मी तिच्या चुलीपाशी उभी होते. तशीच परत आले आणि भाकर त्या थाळीत टाकली. मंदानं घास घेतला. दुसरा घेतला. मग ती खायलाच लागली, रडत रडत, गिळत गिळत. बाईंनी तिच्या तळहातावर गोळी ठेवली, पाणी पाजलं.

सासू दाराच्या चौकटीला धरून उभी होती. सुनेला जेवताना बघत होती. आता पुन्हा भांडण पेटणार असं मला वाटलं. बाईंनी तिकडे न बघता विचारलं, "मावशी, तुमच्या टायमाले तुम्हाले कोणी उपाशी ठेवलं होतं?"

सासूनं चौकटीवरचा हात सोडला.

"माह्या सासूनं," ती म्हणाली. "पाचवीपर्यंत चुलीचा वास घेत पडून राह्यलो. दूध नाई उतरलं. पयली पोट्टी होती. गोरीपान." तिनं पदरानं नाक पुसलं आणि एकदम भडकली. कोणावर ते तिलाही माहीत नसावं. "मले कोनी इचारलं होतं का? कोन्या डाक्टरीनबाईनं येऊन ताट ठेवलं होतं का माह्यापुढं? आता आल्या शिकवाले!"

ज्या बाईला प्रत्येक शब्दाचं घर माहीत, तिला त्या वेळी एकही शब्द सुचला नाही.

सासू तरातरा आत गेली. भांड्यांची आदळआपट ऐकू आली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तुपाची वाटी होती. बाजेजवळ वाकून तिनं त्याच जर्मनच्या थाळीत, भाकरीवर बोटानं निपटून सगळं तूप ओतलं, आणि आमच्याकडे रागानं बघत म्हणाली, "कोरडी भाकर चारून राह्यल्या बायंतिनीले. अन् म्हने डाक्टर!"